नाथा मास्तरांचा ठोकळ्यांचा देखावा

दुपारी शिवणाचं मशीन थांबलं की आमच्या सासूबाईंचं लाटणंही थांबायचं. त्या दिवशीही थांबलं. पुढच्या खोलीकडे कान देऊन त्या मला म्हणाल्या, "हेमा, जा, जरा बघून ये. मशीन कवाधरनं गप हाय. हायेत का न्हाईत ते बघ."

"कोण?"

"मास्तर. आन कोण."

हायेत का न्हाईत म्हणजे या जगात. मामंजींनी, म्हणजे नाथा मास्तरांनी, साठी ओलांडली होती. मशीनवर बसल्या बसल्याच आपल्याला वरचं बोलावणं येणार, असं ते कपडे द्यायला उशीर झाला की गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं गप्प बसायचं, आणि सासूबाईंचा जीव मात्र टांगणीला लागायचा.

मी पुढच्या खोलीचा पडदा बाजूला केला. तेच आमचं दुकान, कराडच्या एका चिंचोळ्या गल्लीतलं माळवदे टेलर्स. मामंजी मान खाली घालून बसले होते. हनुवटी छातीला टेकलेली, दोन्ही हात मांडीवरच्या अर्धवट पँटीखाली. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पँटीखालून टुक टुक टुक असा आवाज झाला, पाठोपाठ एक रडका टर्र आला, आणि मामंजींनी कपाळावर हात मारून घेतला.

तो माझा ब्रिक गेम होता, हातात धरून खेळायचा, बॅटरीवरचा. सासरी करमणार नाही म्हणून धाकट्या भावानं माझ्या बॅगेत घालून दिलेला. काही दिवसांपासून तो सापडत नव्हता, आणि चोरीचा आळ मी नवऱ्यावर घेऊन दोन वेळा त्यांच्या आमटीत मीठ घालायचं मुद्दाम विसरले होते.

"मामंजी?"

त्यांनी दचकून पँट वर ओढली. "काय पायजे?"

"सासूबाईंनी विचारलंय, चहा टाकू का."

"टाक." मी वळले तसा मागून आवाज आला, "सूनबाई, हिकडं ये जरा. हे खालनं वर भरत येतंय आन मग बोंबलतंय. का बोंबलतंय?"

लग्न होऊन वर्ष होत आलं होतं, पण मामंजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एरवी ते मला फक्त काम सांगायचे, आणि कामं दोनच. काजं करणं आणि तुरपाई घालणं. मी साताऱ्यात कटिंगचा कोर्स केला होता, वर्गात पहिली आले होते. लग्न ठरवताना 'घरचंच दुकान आहे, पोरगी रमेल' असं दोन्हीकडच्यांनी एकमेकांना सांगितलं होतं. पण माळवदे टेलर्सची मोठी कात्री संत नामदेवांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला मामंजींशिवाय कुणी हात लावायचा नाही. आमच्या ह्यांनी लहानपणीच त्या कात्रीला लांबून नमस्कार केला होता आणि पुढं पाटबंधारे खात्यात नोकरी धरली होती. मला मात्र ती कात्री हवी होती. झोपेतसुद्धा मी कापड बेतत असे, आणि जाग आल्यावर काजं करायला बसत असे.

मी स्टूल ओढून बसले आणि त्यांना खेळ समजावायला लागले.

"वरून एकेक ठोकळा येतो. तो थांबवता येत नाही."

"म्हंजे दिवाळीचं गिऱ्हाईक."

"हो. त्याला या बटणानं डावीकडे न्यायचं, या बटणानं उजवीकडे. हे दाबलं की तो फिरतो. खाली बसायच्या आत त्याला बरोबर जागा शोधून द्यायची. आडवी ओळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरली, मध्ये एकही भोक राहिलं नाही, की ती ओळ नाहीशी होते आणि वरचं सगळं एक घर खाली येतं."

"नाहीशी हून जाती कुठं?"

"कुठंच नाही. जाते. त्याचे गुण मिळतात."

"आन भोक ऱ्हायलं तर?"

"तर ती ओळ तशीच अडून राहते. तिच्यावर दुसरी चढते, तिच्यावर तिसरी. शिवाय ठोकळे हळूहळू जोरात पडायला लागतात. ढीग वरपर्यंत टेकला की मग ते बोंबलतं."

मामंजींनी विचार केला. "म्हंजे शिल्लक काईच ऱ्हाऊ द्यायचं न्हाई."

"तोच खेळ आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला, जणू जन्मभर ज्यांची वाट बघितली ते पाहुणे दारात आलेत. कारण दुकानाच्या पाटीवर माळवदे टेलर्सच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहवून घेतलं होतं, 'येथे कापड वाया जात नाही.' आपल्या बेतण्यात चिंधी उरत नाही, ही त्यांची प्रौढी सगळ्या पेठेला पाठ होती. दुसरा शिंपी ज्या कापडात जाकीट बसवताना घामाघूम व्हायचा, त्यात मामंजी कोट काढून वर टोपी काढत. गिऱ्हाइकानं चुकून विचारलंच, "मास्तर, काई उरलं का?" तर ते त्याच्याकडे असं बघत की तो पुन्हा जन्मात विचारत नसे.

मग काय, आठवडाभरात ते माझ्या पुढं गेले. ठोकळ्यांची त्यांनी बारशीसुद्धा केली. लांबडी काठी ती पट्टी, चौकोन तो खिसा, काटकोनातला तो पायचा, मधे टोक आलेला तो सदरा, आणि नागमोडी येतो ती कळी. भाद्रपद जवळ आला होता, गिऱ्हाइकं कपड्यांसाठी खेपा घालत होती, आणि आतून मामंजींचा आवाज यायचा, "पट्टी सोड रं बाबा, एक पट्टी सोड." गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तर देवाचं काहीतरी म्हणतायत.

मामंजी आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाचा देखावा वर्षानुवर्षं एकच, राक्षसाचा वध. राक्षसाच्या डोळ्यांत दिवे होते, त्यांतला एक गेली काही वर्षं लागत नव्हता, त्यामुळं देव एका गरीब काण्या माणसाला मारतायत असं दिसायचं. पलीकडच्या गल्लीनं मात्र कान हलवणारा हत्ती आणून देखाव्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर पटकावला होता. त्या हत्तीनं मामंजींची झोप उडवली होती.

बैठक दुकानातच भरली. मामंजींनी जाहीर केलं, "औंदा जिवंत देखावा. पडत्या ठोकळ्यांचा."

कुणाला काही कळेना. तेव्हा त्यांनी चहाबरोबर आलेली खारी बिस्किटं ताटात मांडून समजावलं. ही पट्टी, हा खिसा, असं करत त्यांनी एक ओळ जुळवली आणि म्हणाले, "हितं ओळ भरली. भरली की ती नाहीशी हुती."

गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं दुकान असलेले बंडोपंत पोरे समोरच बसले होते. देहानं ऐसपैस, मनानं आज्ञाधारक. त्यांनी ती ओळ उचलून खाल्ली. बाकीच्यांना खेळ तिथंच समजला, आणि ठराव पास झाला.

योजना अशी होती. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत लाकडी पायऱ्यांची एक उतरंड बांधायची, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशी. गल्लीतली माणसं रंगीत चौकोनी डगले घालून ठोकळे होणार. चार माणसं कमरेला नाडीनं बांधली की एक तुकडा. तुकडा वरच्या पडद्याआडून निघून पायऱ्या उतरत खाली येणार. समोर मामंजी शिट्टी घेऊन. एक शिट्टी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, लांब शिट्टी म्हणजे फिरा. एका पायरीवर बरोबर दहा माणसं बसली की दिवे लुकलुकणार, ती ओळ बाजूनं निघून जाणार, आणि वरचे सगळे एक पायरी खाली. पण मामंजींना एकेक ओळ घालवण्यात गोडी नव्हती. खालच्या चार पायऱ्या भरायच्या, फक्त उजव्या कडेची एकेक जागा मोकळी ठेवायची, आणि परीक्षक टक लावून बघत असताना त्या फटीतून उभी पट्टी सोडायची. चार ओळी एका दमात साफ. पट्टीतला सगळ्यात पुढचा माणूस बंडोपंत.

"सगळी गल्ली एकदम नाहीशी," मामंजी म्हणाले, आणि त्या विचारानंच त्यांचा आवाज भरून आला.

गल्लीभर डगले शिवायचे होते. मी संधी साधली.

"मामंजी, काम फार आहे. निम्मे डगले मी बेतते, तुम्ही निम्मे बेता."

ते कापडाच्या ताग्यावर हात फिरवत होते. "तू शिव," ते म्हणाले.

"सरळ चौकोन तर आहेत."

"चौकोनच चुकतो, सूनबाई. उसवलेलं शिवता येतं. कापलेलं जोडता येत न्हाई." आणि त्यांनी कात्री खिळ्यावरून काढली, कपाळाला लावली आणि स्वतः कापायला बसले.

मी शिवत गेले. शिवता शिवता एका डगल्याला सहज टेप लावला. उतरंड वीस फूट रुंद, माणसं दहा, म्हणजे डगला बरोबर दोन फूट हवा. तो बोटभर जास्त भरला. दुसराही बोटभर जास्त. तिसराही. मी उठून त्यांच्यापुढं टेप धरला.

"मामंजी, हे दोन फुटांच्या वर जातंय."

"जाणारच. अंगाला सैल नको व्हय? माणसाला आत श्वास घ्यायचाय."

"पण दहा जणांची दहा बोटं होतील. दहावा माणूस मावणार नाही. खेळातल्या ठोकळ्यांना अंग नसतं."

"आपल्या ठोकळ्यास्नी हाय," ते म्हणाले. "तू सर्टिफिकिट बघून बोलतीयास. मी गिऱ्हाईक बघून कापतो. आजवर एकानं तरी म्हटलंय का, मास्तर, काखंत आवळतंय म्हणून?"

म्हटलं नव्हतं, हे खरं. मी टेप गुंडाळला आणि आत जाऊन कणिक मळायला घेतली. मला रडू आलं. डगल्यांचं काही नव्हतं. या घरात माझा टेपसुद्धा खोटा ठरतो, याचं आलं. सासूबाईंनी कणकेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी आजून नको घालूस, सैल हुईल." मी त्याही दिवशी आमटीत मीठ घातलं नाही, आणि या वेळी ते मुद्दाम नव्हतं.

डगले चारी बाजूंनी फुगीर दिसावेत म्हणून आत काहीतरी भरायचं होतं. ते काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. दुकानाचं दार लावून, पडदा ओढून, ते एकटेच भरायचे. "कापूस भरतोय," ते आतून सांगत. "उडतो. नाकात जातो. कुणी येऊ नगा."

तालमी घरच्या कपड्यांतच झाल्या आणि झकास झाल्या. साध्या धोतर-साडीतला माणूस दोन फुटांत सहज मावतो. डगले घालून तालीम झालीच नाही, कारण डगले तयार नव्हते. शिंप्याकडचा कपडा मुहूर्ताच्या आधी तयार झालाय असं आमच्या पेठेत कधी घडलेलं नाही, मग तो शिंपी स्वतःच अध्यक्ष का असेना. रोज कुणीतरी विचारायचं आणि मामंजी रोज तेच सांगायचे, "तयारच हायेत. निस्ती काजं ऱ्हायलीत." डगल्यांना काजं नव्हतीच.

परीक्षक यायच्या दिवशी संध्याकाळी डगले वाटले गेले. लाल, पिवळे, हिरवे, निळे. गल्ली अशी दिसायला लागली, जणू कुणीतरी रंगीत गाद्यांचं दुकान उघडून माणसांना आत कोंबलंय. सासूबाईंना केशरी डगला आला होता आणि तो त्यांनी नऊवारीवर, पदर बाहेर काढून, घातला होता. त्या खिशाच्या तुकड्यात होत्या. त्यांच्या शेजारी नळावर ज्यांच्याशी भांडण होतं त्या कमळाकाकू आल्या. दोघी कमरेला एकाच नाडीनं बांधलेल्या, तोंडं दोन दिशांना.

परीक्षक तिघे आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले. मधले निवृत्त प्राचार्य होते, जाड चष्म्याचे, न हसणारे. गल्ली दोन्ही बाजूंनी माणसांनी भरली होती, पलीकडच्या गल्लीतले हत्तीवालेही आले होते. आमचे हे एका खांबामागं टेपरेकॉर्डर आणि दिव्यांची बटणं घेऊन बसले. मी मामंजींच्या शेजारी सुईदोरा घेऊन उभी, कुठं उसवलं तर टाका घालायला. कात्री मामंजींच्या कमरेला खोचलेली होती.

गाणं सुरू झालं. पहिला पायचा उतरला, एक शिट्टी, डावीकडे सरकला, लांब शिट्टी, चौघे गोल फिरले, बसले. लोकांनी टाळ्या दिल्या. सदरा आला, कळी आली, दुसरा पायचा आला. मामंजींची शिट्टी काय वाजत होती! चार पायऱ्या भरत आल्या. हिरव्याला लाल, लालला पिवळा, कुठं भोक नाही. प्राचार्य पुढं झुकून बघत होते. मीसुद्धा क्षणभर माझा टेप विसरले.

मग उजव्या कडेला राहिलेल्या फटीकडे माझं लक्ष गेलं. तिथं माणसाची जागा नव्हती. कपाटामागं झाडू ठेवतात तेवढी जागा होती.

मामंजींनी दोन शिट्ट्या दिल्या. पडद्याआडून निळी पट्टी निघाली. पुढं बंडोपंत, मागं तिघे. बंडोपंत मोठ्या तोऱ्यात पायऱ्या उतरले, खालून चौथ्या पायरीवर आले, फटीत एक पाय घातला, पोट घातलं, आणि अडकले. पुढं जाईनात, मागं येईनात. एका बाजूला उतरंडीच्या कडेचा खांब, दुसऱ्या बाजूला पोस्टमन जाधवांचा हिरवा डगला.

"मास्तर," बंडोपंत अदबीनं म्हणाले, "जागा न्हाई."

"श्वास सोडा," मामंजी म्हणाले.

"सोडलाय. घ्यायचा कसा, ते सांगा."

मागचे तिघे ढकलायला लागले. जाधव म्हणाले, "आरं, माझ्या बरगड्या हायेत तिथं." मामंजींनी लांब शिट्टी दिली, बहुधा सवयीनं. आज्ञाधारक बंडोपंतांनी फिरायचा प्रयत्न केला, आणि आधी अर्धे अडकले होते ते आता पूर्ण अडकले.

खेळाचा नियमच असा की वरचा ठोकळा थांबत नाही. पडद्याआडच्यांना खालचं काही दिसत नव्हतं. गाणं जलद झालं की निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक, आणि आमच्या ह्यांनी ठरल्याप्रमाणे गाणं जलद केलं. कळी उतरली. तिच्या डोक्यावर सदरा. त्याच्या मागून सासूबाई आणि कमळाकाकू, एकमेकींकडे न बघता. जागा नव्हती तिथं माणसं चढत होती. उतरंड करकरायला लागली.

"थांबवा की गाणं," मी ओरडले. ह्यांनी घाईत चुकीचं बटण दाबलं. गाणं चालूच राहिलं आणि दिवे लुकलुकायला लागले. दिवे लुकलुकले म्हणजे ओळ भरली, असं समजून सगळ्यात खालची ओळ निघून जायला लागली. वरचे म्हणाले, "तुमी कुठं निघाला? आजून भरली न्हाई." खालचे म्हणाले, "दिवं लागलं की." असा दोन पायऱ्यांमध्ये वाद सुरू झाला, आणि शेवटी खालचे कुरकुरत पुन्हा जागेवर बसले.

हत्तीवाले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी मामंजींकडे बघितलं. शिट्टी तोंडातून गळून गळ्यातल्या टेपवर लोंबत होती. जन्मभर कापड बेतलेला माणूस त्या झाडूएवढ्या फटीकडे बघत उभा होता. मी म्हटलं होतं ना, असं म्हणायची माझी किती दिवसांची इच्छा होती. ती कुठल्या कुठं गेली. मला त्यांची फार माया आली.

"मामंजी, कात्री द्या."

त्यांनी कमरेवरची कात्री हातानं झाकली. "नको."

"कडेच्या दोघांचे डगले बगलेतून उघडते. आतला कापूस काढला की हातभर जागा होईल. चार पायऱ्या, आठ डगले. लगेच होतं."

"नको, सूनबाई. उघडू नको."

"का?"

वरून सासूबाईंचा आवाज आला, "अवो, फळी हलतीया. काय करायचं ते करा." मामंजींनी वर बघितलं, मग गर्दीकडे बघितलं, मग पुन्हा सासूबाईंकडे.

"कुठनं कापशील?" त्यांनी विचारलं.

"शिवणीला धरून, काखेपासून खाली सरळ. गळ्याला हात लावणार नाही."

"डाव्या काखंत का उजव्या?"

"जाधवांच्या उजव्या, बंडोपंतांच्या डाव्या. समोरासमोरच्या."

त्यांनी कात्री काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. वजनदार होती, आणि त्यांच्या हातानं गरम झालेली. मी पदर खोचला आणि उतरंडीवर चढले.

जाधवांचा हिरवा डगला काखेतून सरकन उघडला. आत कापूस नव्हता. चिंध्या होत्या. मूठभर बाहेर आल्या, मग ओंजळभर, मग धबधबा सुटला. चौकड्यांच्या, फुलांच्या, जरीकाठाच्या, सुटाच्या, परकराच्या चिंध्या. बंडोपंतांचा डगला उघडला तर त्यातून रेशमी चिंध्यांचा लोट. वाऱ्यानं त्या उडाल्या आणि परीक्षकांच्या डोक्यांवर, खुर्च्यांवर, गर्दीवर पडायला लागल्या. माळवदे टेलर्समध्ये जी चिंधी कधी उरत नव्हती, ती वर्षानुवर्षं पोत्यांत साठलेली सगळी पेठेवर उडत होती.

गर्दीतली एक बाई खांद्यावरची चिंधी उचलून म्हणाली, "अगं बाई, ही तर माझ्या शालूची पट्टी. मास्तर म्हणालं, काईसुदिक उरलं न्हाई."

"हा माझ्या लग्नाच्या सुटाचा तुकडा," दुसरीकडून आवाज आला. "मास्तर, टाय हुईल यात."

मग सगळेच वाकून शोधायला लागले. कुणाला मुंजीचं जाकीट सापडलं, कुणाला वारलेल्या आईचं लुगडं. ते लुगडं सापडलेला माणूस ती बोटभर चिंधी हातात घेऊन नुसता उभा राहिला. मला तेव्हा कुठं कळलं, दार लावून कापूस का भरत होते, आणि कात्री हातानं का झाकली होती. उघडलं की काय बाहेर पडणार हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी ती मला दिली होती.

मी थांबले. वरून मामंजींकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलली, तोंडात धरली आणि लांब वाजवली. या वेळी फिरा असं नव्हे, तर थांबू नको.

मी उरलेले डगले उघडत पायरी पायरी खाली उतरले. माझ्यामागून बंडोपंत उतरले, त्यांच्यामागून तिघे. शेवटच्या पायरीवर बंडोपंत फटीत असे जाऊन बसले, जशी पाकिटात चिठ्ठी. भोक राहिलं नाही. चारी ओळी भरल्या. ह्यांनी या वेळी दिव्यांचं बटण बरोबर दाबलं, आणि चिंध्यांच्या पावसात चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी निघून गेली. वरचे सगळे धडधडत चार पायऱ्या खाली आले. सासूबाई आणि कमळाकाकूंनी घाबरून एकमेकींना घट्ट धरलं होतं, आणि खाली पोचल्यावरही बराच वेळ सोडलं नाही.

टाळ्या थांबेनात. प्राचार्यांनी चष्म्यावरची चिंधी काढली, उठले, आणि मामंजींपाशी आले. ते हसत होते.

"इतका विनोदी देखावा मी बघितला नव्हता. तो शेवटी चिंध्यांचा पाऊस पाडायची कल्पना कुणाची?"

गल्लीतल्या सगळ्यांनी मामंजींकडे बघितलं.

"सूनबाईची," मामंजी म्हणाले. "कटिंग तिचंच हाय."

नंबर पहिला आला. हत्ती दुसरा. पेठेनं मामंजींना चिंध्यांवरून महिनाभर चिडवलं. एक दिवस त्यांनी पाटीवरची ती बारीक ओळ स्वतःच रंग लावून पुसली. कात्री मात्र पुन्हा खिळ्याला लागली होती, आणि मी काजं करत होते. वाटलं, झालं, एका संध्याकाळपुरतीच होती.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा मांडली. मशीन, टेप, इस्त्री आणि मधोमध कात्री. हळदकुंकू वाहायला मामंजी बसणार, तर ते बाजूला झाले. "तू वाहा," ते म्हणाले. मी वाहिलं. मग त्यांनी कपाटातून पांढरं कापड काढलं. त्यांच्या स्वतःच्या दसऱ्याच्या सदऱ्याचं. त्यांचा सदरा आजवर त्यांच्याशिवाय कुणी कापला नव्हता.

"घे माप," ते म्हणाले आणि हात पसरून उभे राहिले.

मी टेप लावला. पोटापाशी आले तर पोट नाहीसं झालेलं.

"मामंजी, श्वास सोडा."

"सोडलेलाच हाय."

"नाही हो. आत ओढलंय तुम्ही."

"आसंच हाय माझं. तू लिव्ह."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, म्हणून मी वाद घातला नाही. सांगितलं तेच माप लिहिलं. कापड अंथरलं, कात्री कपाळाला लावली आणि कापायला लागले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कापून होईपर्यंत त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

दसऱ्याला तो सदरा घालून मामंजी सकाळपासून दुकानासमोर उभे होते. देखणा बसला होता, पण पोटावरची बटणं जीव मुठीत धरून होती. जो आपट्याची पानं द्यायला यायचा त्याला ते उभ्यानंच भेटायचे. जेवलेसुद्धा उभ्यानं. संध्याकाळी बंडोपंतांना राहवलं नाही. त्यांनी आपल्या दुकानातली खुर्ची उचलून आणली.

"मास्तर, बसा की. सकाळधरनं उभं हायसा तुमी. सदरा आवळतोय का?"

मी दारात होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामंजींनी सदऱ्याच्या कडेवरून हात फिरवला, शिवण नखानं तपासली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सदरा बरोबर हाय. बसायचं माप सांगायचं माझ्याकडनं ऱ्हायलं."